शिंप्याची आई

आईस,

लेकाचा नमस्कार आणि फादरचा आशीर्वाद, दोन्ही एकाच पाकिटात पाठवतोय. आधी कोणता घ्यायचा ते तू ठरव.

माझा ताप उतरला. खोकला तेवढा मुक्कामाला आहे. तू विणलेला स्वेटर झग्याच्या आत घालतो, त्यामुळे इथल्या लोकांना वाटतं, फादरांनी अंग धरलंय.

काल सकाळी शिंप्याच्या आजारी आईला पवित्र तेल लावायला गेलो होतो. तिला आता दिसत नाही. तिचा धाकटा मुलगा बोटीवर कामाला असतो, कित्येक वर्षांत आलेला नाही. मी कपाळाला तेल लावलं, तशी तिनं माझा हात घट्ट धरला. म्हणाली, "आलास? किती वाळलास रे."

शिंपी मान खाली घालून उभा होता. माझ्याच्यानं नाही म्हणवेना. म्हटलं, "आलो, आई." हात काही तिनं सोडला नाही, म्हणून उरलेली प्रार्थना एका हातानंच केली. या खोट्याचा जाब देवाला मी देईन.

तू लिहितेस, सगळं ठीक आहे. ताई लिहिते, तुला जिना चढताना दम लागतो. डॉक्टर काय म्हणाले? मला इतक्यात सुट्टी मिळेलसं दिसत नाही.

आपल्या चर्चचे नवे फादर आजाऱ्यांना भेटायला घरोघर जातात ना? ते आले की त्यांचा हात धर आणि खुशाल विचार, "आलास?" त्यांचीही आई कुठंतरी लांबच असेल. ते नाही म्हणणार नाहीत.

तुझा, आणि कालपासून शिंप्याच्या आईचाही,
लेक