शेवटच्या सामन्याची रॅकेट

तीर्थरूप ताई, पाया पडतो.

आम्ही दोघं सुखरूप आहोत. भाऊजींचा गुडघा कसा आहे?

आपल्या देशाचा मुलींचा बॅडमिंटन संघ या स्पर्धेत आजवर उपांत्य फेरीपुढे कधी गेला नाही. काल त्याच फेरीत दोन-दोन बरोबरी झाली आणि शेवटचा सामना तुझ्या लेकीवर आला. ती हरली. तिच्या रॅकेटची मी विणलेली जाळी तसूभरही ढिली पडली नव्हती, पण त्याचं आता काय!

खोलीवर येऊन म्हणाली, "मामा, सगळ्या रॅकेटींच्या जाळ्या काप. मी खेळ सोडला." रॅकेट वापरायची नसेल तर जाळी ताणलेली ठेवत नाहीत, म्हणून कापत गेलो. कालची उचलली, तेव्हा कात्री तिनं मागितली. जाळीला लावली, पण तिच्यानं एकही तार कापवेना.

ती रॅकेट तशीच आणतोय. पोरीला काही विचारू नकोस, नुसती जवळ घे.

तुझा धाकटा