एकवीस ढोल, चुन्याच्या दोन रेघा

चाचा,

आज अकोल्यात सभा होती. कापसाच्या भावावर तासभर बोललो, घसा बसेपर्यंत. टाळ्याही पडल्या. परत निघताना गाडी तुमच्या दुकानाच्या गल्लीत वळवली. तिथे आता मोबाइलची कव्हरं विकतात. मढवायला आलेल्या ढोलक्या तुम्ही ज्या लोखंडी आकड्याला टांगायचात तो आकडा तेवढा जागेवर आहे, त्याला हेडफोन लटकवलेत. पाच मिनिटं उभा राहिलो. काही हवंय का, असं दुकानदारानं विचारलं, तेव्हा एक कव्हर घेतलं आणि निघालो. अमरावतीला घरी आलो, स्वतःपुरता चहा केला आणि वही उघडली. तुम्ही म्हणायचात, "बोलतो तं लय भारी, पन कोनाशी बोलून राहिला थे तुले मालूमच नसते." आज मला माहीत आहे.

पहिल्यांदा तुमच्याकडे आलो तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो, बडनेऱ्याचं इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडलेलं होतं. होस्टेलवर कोणीतरी दिलेल्या कॅसेटमधून ते मेटल संगीत माझ्या कानात शिरलं होतं. सात, अकरा, तेरा मात्रांत चालणारं, मधेच मोडणारं, मोडून पुन्हा उभं राहणारं. कॅसेटच्या कागदावर त्या बँडच्या ड्रमरचा फोटो होता, चहूबाजूंनी ढोलच ढोल आणि मधे किल्ल्यात बसल्यासारखा तो. तो फोटो मी तुमच्यापुढे धरला. तुम्ही चष्मा पुसला, फोटो लांब धरला, जवळ धरला. "हा वाजोते कधी गा? ह्याची जिंदगी तं मांडन्यातच जात असन." मी भडकलो. काळच मोडका आहे, मग चार मात्रांचं गुळगुळीत संगीत ही लबाडी आहे, असं बरंच काही मी दुकानाच्या पायरीवर उभा राहून ऐकवलं. तुम्ही कातडं पाण्यात भिजवत होता. "झालं काय? बस आता. सात मात्रा आमच्या रूपकातबी हायेत. अकरा वाजवून दाखव, मंग चहा सांगतो." मला अकरा जमल्या नाहीत. चहा तरी सांगितलात.

पहिला सेट पाच नगांचा. वरातीत वाजवणाऱ्या तुमच्या बँडमधून बाद झालेला मोठा ढोल, एक साईड ड्रम, जुन्या खोक्यांच्या प्लायवूडला वाकवून केलेले तीन ढोल. पायानं वाजवायचं पायडल शिलाई मशीनच्या लोखंडातून तुम्हीच घडवलंत. वर्षभरात पाचाचे नऊ झाले, कारण मला दोन्ही पायांनी वाजवायचं होतं आणि डाव्या हाताला आणखी तीन छोटे ढोल पाहिजे होते. मग तेल्हाऱ्याच्या आमच्या वावरात बोअर कोरडी गेली. आत न गेलेले पाइप धुऱ्यावर पडून होते. बाबा म्हणाले, "ने तुह्या चाचाले, इथं काय करतेत ते." तुम्ही त्यांचे लहान-मोठे आठ तुकडे कापलेत, एकेकाच्या तोंडावर बकऱ्याचं कातडं ताणलंत आणि ओळीनं उभे केलेत. बारीक, टणक, पाण्याच्या थेंबासारखा आवाज यायचा त्यांचा. बाबांनी एकदा ते ऐकले. ते दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले, आणि तुम्ही मला खुणेनं थांबवलंत. नवाचे सतरा झाले. शेवटी आणखी तीन मोठे ढोल, आणि बंद पडलेल्या जिनिंगमधून आणलेली, पाळी बदलताना वाजवायची ती परातीएवढी पितळी थाळी. थाळी धरून एकवीस. ती थाळी तुम्ही माझ्या बरोबर समोर टांगलीत, मीच हट्ट केला म्हणून. "समोरचं काय दिसन तुले?" असं तुम्ही विचारलं होतं. मी म्हणालो होतो, "मला ऐकू येतं."

एकवीस ढोल झाले तोपर्यंत आमचा मेटलचा बँड उरला नव्हता. गिटारवाले दोघं पुण्याला नोकरीवर गेले, गाणारा त्याच्या मामाच्या दुकानात बसला. सेट मात्र माझ्यासाठी तसाच मांडलेला. माझ्या अकोल्यातल्या खोलीत त्याच्या आत जाऊन बसायचो, तेव्हा बाहेर कोणी नाही हे कळायचंच नाही. तुम्हाला ते कळलं असावं. एका सकाळी ट्रॅक्टरची ट्रॉली घेऊन आलात. "चाल, वरातीत वाजव. लोकाईले तुहे अकरा नाही समजनार, पन समोर लोकं तं रायतीन." अख्खा सेट ट्रॉलीवर चढला, पुढे तुमचे बारा वाजवणारे पायी, आणि सगळ्यांच्या पुढे पांढऱ्या सदऱ्यात तुम्ही.

गावात शिरलो की तुमचं पहिलं काम ठरलेलं. वाद्यं उतरायच्या आधी पारावर बसलेल्यांना विचारायचं, "कोनाच्या घरी सुतक हाय काय?" मग चुन्याचा डबा घेऊन वरातीचा रस्ता तुम्ही स्वतः चालून यायचात. त्या घराच्या अलीकडे रस्त्यावर एक आडवी रेघ, पलीकडे एक. पहिल्या रेघेवर सगळं बंद व्हायचं. नवरदेव घोडीवरून उतरायचा, वरात मुकाट्यानं चालायची, दुसऱ्या रेघेवर पुन्हा सुरू. त्या वर्षांत हा चुना किती लागायचा, चाचा. जाणारे म्हातारे नसायचे. वीसेक घरांच्या एका गावात तर रेघा एकमेकींना अशा भिडल्या की वाजवायला रस्ताच राहिला नाही. आपण मारुतीच्या पारासमोर जागच्या जागी वाजवलं आणि नवरदेवाला अख्खं गाव गुपचूप ओलांडायला लावलं. मी ट्रॉलीवर, मला रस्ता दिसायचा नाही. म्हणून माझी रेघ म्हणजे तुमचा हात. तुम्ही मागे वळून उघडा पंजा वर धरायचात, मी थांबायचो.

दर्यापूरच्या पुढचं ते गाव. ऊन उतरत होतं. आपण पहिली रेघ गाठली, पुढचे बाराही जण थांबले, आणि मी वाजवत राहिलो. एकट्याचा आवाज मोकळा पडला तसा मी आणखी चेव आल्यासारखा वाजवायला लागलो. पाइप, दोन्ही पाय, थाळी. आयुष्यात त्याहून चांगलं मी वाजवलेलं नाही, हे लिहिताना आजही मला शरम वाटते. मग एका मोठ्या ढोलाच्या कातड्यावर एक तळहात येऊन पडला. तुम्ही ट्रॉलीवर चढला होतात, धापा टाकत. ढोलाच्या कडेवरून मी पाहिलं. ओट्यावर एक बाई उभी होती, तिशीची असेल, हातात सूप.

"उतर," तुम्ही म्हणालात. "माफी माग तिची."

मी उतरलो. माफी मागायला गेलो आणि भाषण केलं. हे ढोल तुमच्या मालकांसाठीच वाजत होते ताई, असं काहीतरी सुरू करून मी भावावर गेलो, दिल्लीवर गेलो, बियाणं विकणाऱ्यांवर गेलो. त्यातलं अक्षर न अक्षर खरं होतं आणि ते मी आजही उभ्या सभेत म्हणतो. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "झालं काय भाऊ तुमचं? पानी आनू काय?" तिच्या घरात माणूस जाऊन आठ दिवस झाले होते आणि ती मला पाणी विचारत होती. तुम्ही टोपी काढून तिच्यापुढे दोन्ही हात जोडलेत. "बेटी, गलती माही हाय. ह्याच्यासमोर भिंत मीच बांधली. ह्याले दिसलं नाही."

परतीच्या वाटेवर तुम्ही मला रागावला नाहीत. रागावला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही सेट मोडून पुन्हा बांधायला घेतलात. रमजान होता. रोजा धरून, दुपारच्या उन्हात पत्र्याखाली बसून, तुम्ही एकेका ढोलाचा पाय कापून आखूड केलात. उभे पाइप आडवे केले, थाळी पाठीमागे नेली. महिनाभर दुकानात दुसरं गिऱ्हाईक घेतलं नाही. ईदच्या आदल्या दिवशी मला त्याच्या मधे बसवलंत आणि दारात जाऊन पंजा वर धरलात. "दिसते काय?" दिसतं, म्हटलं. "पूरा?" पूर्ण दिसतं. तुम्ही हसलात, आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं. तसाच गेलोही. अमरावतीला खोली घेतली, सभांच्या मागे लागलो. वरातीला पुन्हा आलो नाही. लोकांना सांगत राहिलो की ढोलांच्या गर्दीत समोरचं दिसेनासं होतं, म्हणून वाजवणं सोडलं. सभेत हे वाक्य फार चालतं.

तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा माती देऊन झाली होती. तुमच्या मुलीनं दारातच सांगितलं, "अब्बा आखरीपर्यंत तेच म्हनत होते भाई. त्या पोराले मीच आंधळं केलं, माह्या हातच्या कामानं." ती माझ्याकडे बघत होती, मी काही बोलेन म्हणून. मला बोलायला कधी माइक लागला नाही, चाचा. त्या दारात मी मान खाली घालून उभा राहिलो.

तुमचा तो आखूड सेट आता माझ्या खोलीत आहे. त्याच्यामागे बसलं की समोरचं सगळं दिसतं. भिंत, खुंटी, दार. दारात कोणी नसतं. वाजवत नाही, नुसता बसतो. हे पत्र तुमच्या मुलीला नेऊन द्यावं असं आज गल्लीत उभा असताना वाटलं होतं. तिचं घर तिथून चार घरं पुढेच. गेलो नाही. वहीतच राहू दे.

त्या दिवशी तुमचा हात मला दिसला होता. थाळी आणि पहिला पाइप यांच्यामधे चार बोटांची फट होती. त्यातून पांढरी बाही दिसली, उघडा पंजा दिसला. अकराचं आवर्तन अर्ध्यावर होतं आणि मला वाटलं, एवढं पुरं करू.