दोरीचं शेवटचं टोक

प्रिय रेश्मा,

बातमी तुझ्यापर्यंत पोचली असेलच, तरी मी स्वतः लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही. आपण जिंकलो गो! डिचोलीचं आपलं एवढंसं कॉलेज, आणि मुलींच्या रस्सीखेचीत देशात पहिलं. नागपूरच्या मैदानावर परेश सर मटकन खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. संजना कॅप्टन म्हणून त्यांना सावरायला गेली, तर तिलाच हुंदका आवरेना.

आपण राष्ट्रीय महासंघात जायचं की नाही, यावर पाळी गावच्या मैदानात झालेला वाद आठवतो का? तू म्हणायचीस, दिल्लीतल्या माणसांनी आपल्याला दोरी कशी ओढायची ते का सांगावं? महासंघाच्या परवानगीशिवाय गावच्या जत्रेतसुद्धा ओढायला मिळणार नाही म्हटल्यावर तर तू उठूनच गेलीस. तुझं काही चुकत नव्हतं. या दोन वर्षांत जत्रेतला तो आरडाओरडा मलाही फार आठवला. पण पणजीतली ती स्पर्धा माझ्या डोक्यातून जात नव्हती. समोरच्या मुली आपल्या दीडपट, वजनकाटा कुठेच नाही, आणि पंच त्यांच्याच कॉलेजचे. सर विचारायला गेले तेव्हा त्यांना ऐकवलं गेलं, “मुलींचा खेळ आहे सर, एवढं काय मनावर घेता?” दाद मागायची तर कोणाकडे, हेच आपल्याला ठाऊक नव्हतं.

मग आपण महासंघात गेलो आणि नियम आले. आठ जणींचं मिळून वजन ठरलेलं, त्याच्यावर एक किलोसुद्धा चालणार नाही. सरांच्या खोलीत आपण एकेक करून काट्यावर चढलो, आणि बेरीज ठरलेल्या वजनापेक्षा बरीच जास्त भरली. शेवटचं टोक खांद्यावरून घेऊन पाय रोवणारी तू, आपल्यात सगळ्यात भारी. तुझ्या जिवावर तर आपण उभ्या असायचो. कुणी काही बोलायच्या आत तूच म्हणालीस, “तुम्ही जावा. मला ह्या दोरीचा कंटाळा आला.” एम.कॉम.चा विचार सोडून तू पेडण्याला, तुयेच्या कारखान्यात लागलीस. सगळ्यांनी तुझं खरं मानलं. मी नाही मानलं. कंटाळलेली मुलगी आपल्या जागी येणाऱ्या सिद्धीला महिनाभर दोरी कशी पेलायची ते शिकवत बसत नाही.

तीच सिद्धी अंतिम सामन्यात शेवटच्या टोकाला होती. पहिली ओढ आपण हरलो. समोरच्यांचे पाय जमिनीत असे रुतले होते की त्या हलेचनात. सरांना गवतात कापल्यासारख्या खुणा दिसल्या. संजनाने जाऊन पंचांना सांगितलं. पंचांनी तिचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. बूट उलटे करून बघितले, तर तिघींच्या बुटांना पुढे लोखंडी पट्टी! ती ओढ रद्द झाली, बूट बदलायला लावले. रेश्मा, आमचं म्हणणं कुणीतरी ऐकलं, एवढ्यानेच माझ्या अंगात दुप्पट बळ आलं. पुढच्या दोन्ही ओढी आपल्या. दुसऱ्या वेळी तर पाठीमागून सिद्धी ओरडत होती, तुझेच शब्द, तुझ्याच ठेक्यात, आणि दोरी इंच इंच आमच्याकडे येत होती. बक्षीस घेताना आम्ही आठ जणी उभ्या होतो, पण मनात मी नऊ मोजत होते.

आता या पत्राचं खरं कारण सांगते. महासंघ यंदापासून मुलींसाठी भारी वजनाचा वेगळा गट सुरू करतोय. गोव्याचा संघ निवडायचा आहे, कॉलेज संपलेल्यांनाही मुभा आहे. सरांनी विचारलं, शेवटच्या टोकाला कोण? सिद्धीनेच उत्तर दिलं, “ती जागा रेश्माची.” येत्या रविवारी पाळीला सराव आहे. कारखान्यातली सुट्टी, घरच्यांची समजूत, काय ते तू बघ. फक्त वजन उतरवायच्या भानगडीत पडू नकोस. पोटभर जेवून ये.

तुझ्या अगदी पुढची दोरी धरणारी,
तुझीच,
गौरवी