आनंदी बाईचं टपाल

४ फेब्रुवारी

प्रिय दादास,
सा. सलाम वि. वि.

तुझ्या चर्चच्या मंडळीतल्या लोकांची अकरा पत्रं आज एकदम येऊन पडली. मी म्हणे आजारपण हसतमुखाने सोसते, डायलिसिसच्या मशीनला जोडलेली असताना गीतं गाते. उपदेशात तूच सांगितलंस ना? अरे, शेजारच्या खुर्चीवरचे आजोबा मोठ्याने रेडिओ लावतात, तो ऐकू येऊ नये म्हणून मी गुणगुणते. तुला तसं लिहिलंही होतं. अर्धं पत्र वाचायचं आणि उपदेश करायला पुलपिटावर चढायचं, ही तुझी जुनी खोड.

आता एक बाई माझ्या आनंदाचं रहस्य विचारते, दुसरीने फोटो मागितलाय. सोळा महिने झाले, आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. पडदे शिवायची नोकरी गेली, हाताची चाळण झाली. देव माझ्याशी बोलत नाही आणि मीही आता त्याच्या मागे लागत नाही. तेव्हा स्पष्टच लिहिते, हा महिना संपला की मी डायलिसिसला जाणार नाही. डॉक्टर म्हणतात, मग फार तर दोन आठवडे. मला ते समजतं. उगाच बायबलमधली वचनं पाठवू नकोस. या पत्रांचं काय करू तेवढं कळव.

वहिनीला सलाम. राग आहेच, लोभही आहे.
तुझी,
धाकटी


९ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
प्रभूमध्ये अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचल्यापासून वहिनीने माझ्याशी अबोला धरलाय. चूक माझीच. वर जी खाडाखोड दिसते ते वचन होतं, खोडलं. तू नसलीस तर मी काय करू, हे मला कुठल्याच वचनात सापडलेलं नाही. येऊ का? नको म्हणशील, तरी विचारतो.

दहा पत्रं फाडून टाक. अकरावं वेल्डरचं आहे, तेवढं ठेव. कारखान्यातल्या स्फोटात त्याचे दोन्ही डोळे गेले. मी सहा वेळा त्याच्या घरी गेलो, सहाही वेळा त्याने दारातूनच वाटेला लावलं. तुझ्याबद्दल ऐकलं तेव्हा मात्र बायकोला कागद घ्यायला सांगितला. मी केलेला घोळ तू निस्तर म्हणायची लाज वाटते, पण माझं तो ऐकणार नाही.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारा,
दादा


२१ फेब्रुवारी

प्रिय दादास,
सा. सलाम वि. वि.

तू घोळ घालायचा आणि मी निस्तरायचा, हे जन्मापासून चाललंय. येऊ नकोस, तुझं पथ्यपाणी कोण बघणार?

वेल्डरला लिहिलं की आनंदबिनंद काही नाही, आमचा दादा भोळा आहे. मशीनवर मी देवाशी चार तास भांडते. मला का टाकलंस, असा जाब वधस्तंभावर खुद्द प्रभूनेही विचारला होता, आणि तोही आपल्या बापालाच. तेव्हा विचारणारे आपण वाया गेलेलो नाही.

हे लिहून झालं आणि मीच चरकले. मागे लागत नाही म्हणते आणि भांडते तर दर खेपेला. भांडायला समोर कोणीतरी असावं लागतं.

काल त्याचं उत्तर आलं. तो म्हणतो, रविवारी देवळात येऊन मागच्या बाकावर बसेन, पण कोणी डोक्यावर हात ठेवला तर उठून जाईन. तेव्हा हात आवर. कसं वाटलं ते पुढच्या महिन्यात कळवतो, तुम्ही उत्तर द्याल ना, असंही विचारलंय. खाली बायकोने आपल्या मनाने एक ओळ घातलीय: "तुमचं पत्र चार वेळा वाचून दाखवलं, काल पोटभर जेवले."

पुढच्या महिन्यात! या माणसाला मी आता काय सांगू?

तुझ्यावर वैतागलेली,
धाकटी


२ मार्च

प्रिय दादास,
सा. सलाम वि. वि.

अक्षराला हसू नकोस. डावा हात मशीनच्या नळ्यांत आहे आणि कागद मांडीवरून घसरतोय. नर्स दोनदा ओरडून गेली.

सकाळी यायचं नाही म्हणून पडूनच होते. मग चिडून उठले आणि देवाला म्हटलं, त्या माणसाला उत्तर द्यायचंय, तेवढं होईपर्यंत मला ठेव. सोळा महिन्यांत त्याच्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं.

आता वेल्डरला सांग, पत्रं लांबलचक लिहायची.

तुझी,
धाकटी