कॉस्च्युमच्या आतला खिसा

४ मार्च

पिळला! हातानं सवयीनं पिळलाच कॉस्च्युम. ओलं कापड दिसलं की पिळायचं, जन्मभर हेच केलंय. मंगल पलीकडून ओरडली, "बाई, पिळू नका! ताण जातो त्याचा. साध्या पाण्यातून काढा, टॉवेलात गुंडाळा, वरून दाबा. झालं." मंगल म्हणजे आमच्या दुपारच्या बायकांच्या बॅचची कोच. वयानं माझ्यापेक्षा लहान, आवाज फौजदाराचा.

तर, पोहून आले. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. डावा हात डोक्याच्या वर गेला — कळ आली, पण गेला. मिरजेच्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं, पोहा म्हणून. घरी पटलं नव्हतं. हे म्हणाले, "ह्या वयात? आणि अशा —" अशा म्हणजे कशा ते मला ठाऊक आहे.

कॉस्च्युमला आतून डावीकडं खिसा शिवलाय. शिंप्याला काय सांगणार, मीच शिवला. त्यात छातीच्या आकाराचं सिलिकॉन बसतं. वरून पाहणाऱ्याला दोन्ही बाजू सारख्याच दिसतात.

७ मार्च

सिलिकॉनला क्लोरीन सोसत नाही. पाण्यातून बाहेर आलं की लगेच धुवायचं, साधं पाणी, सौम्य साबण. घासायचं नाही, टिपायचं. मग त्याच्या डब्यात त्याच्याच आकारात ठेवायचं. नख लागलं तर संपलं.

पहिल्यांदा धुताना हुंदका आला होता. आता येत नाही. वाईट त्याचंच वाटतं.

१२ मार्च

आज ते टॉवेलवर वाळत ठेवलं होतं, आतल्या खोलीच्या खिडकीत. हे दुपारी अचानक घरी आले. यांचे हळदीचे सौदे जोरात आहेत, कपडे, हात सगळे पिवळे. बरोबर कर्नाटकातले व्यापारी. चहा ठेवायला मी स्वयंपाकघरात गेले. परत येऊन बघते तर सिलिकॉनवर यांचा रुमाल झाकलेला!

रात्रीचं जेवण आमच्या जैन घरात दिवस मावळायच्या आत होतं. ताटावर बसल्यावर म्हणाले, "ते दुसरीकडं वाळवत जा. कुणी बघितलं तर बरं दिसत नाही."

म्हटलं, उन्हात चालत नाही, बंद कपाटात चालत नाही. कुठं वाळवू?

यांनी भाकरी मोडली. रुमाल पिवळा झालेला, त्याचे डाग सिलिकॉनवर. धुतले. गेले नाहीत पुरते.

१५ मार्च

बॅचमध्ये नवी बाई. संयोगिता. माहेर-सासर दोन्ही कोरेगावकडचं, नवरा फौजेत, मुलांच्या शाळेसाठी सांगलीत खोली घेऊन राहते, सासू सोबत. तळमजल्यावर राहतात. पुराच्या वेळी छातीएवढ्या पाण्यातून मुलांना काढलं म्हणे — तेव्हाच ठरवलं, पोहायला शिकायचं.

तिच्या कॉस्च्युमची पार पिशवी झालीय. नवा होता!

"काय केलंस गं याचं?"

"आवं ताई, पावडर टाकून कडकडीत पान्यात भिजवला की. मग गच्चीवर उनात टाकला. वास जाईना त्याचा."

"गरम पाणी नाही, पावडर नाही, ऊन नाही. पोहून झालं की इथंच नळाखाली धर. घरी जाऊन सावलीत पसरून टाक, तारेवर लटकवू नकोस."

"आन् ह्यो गॉगल? काय दिसंना ह्यातनं."

बघते तर काचांवर आतून ओढणीनं पुसपुसून रेघा पाडलेल्या. आतून बोटसुद्धा लावायचं नसतं. नुसता बुडवायचा, झटकायचा. माझा जुना जोड दिला तिला.

लय हसते ही. पाण्यात गेली की किंचाळते आणि हसते. बऱ्याच दिवसांनी मीही हसले.

१८ मार्च

पोहायच्या टोपीत पावडर शिंपडून ठेवली. केस बोटभर वाढलेत. टोपी काढताना आता ओढतात, आणि मला ते ओढणं आवडतं.

२१ मार्च

काय लिहू.

बॅच सुटली होती. कपडे बदलायच्या खोलीत मी एकटीच आहे असं वाटलं. बेसिनपाशी सिलिकॉन धूत होते. एरवी भिंतीकडं तोंड करून धुते. आज नाही केलं.

"ताई, ह्ये काय वो?"

संयोगिता. केस पुसत उभी. लपवायला वेळच मिळाला नाही. म्हटलं, "कॅन्सर झाला होता. डावं काढलं. हे त्याच्या जागी." एवढं सरळ मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बस्तीत दर्शनाला येणाऱ्या बायकांनाही नाही. त्यांना 'छोटं ऑपरेशन' एवढंच माहीत.

तिनं हात पुढं केला. मी दिलं. दोन्ही तळव्यांवर धरून बघत राहिली. "जड हाय की."

मग जाऊन दाराची कडी घातली. आली, माझा ओला हात धरला आणि आपल्या उजव्या छातीवर नेऊन ठेवला.

गाठ. सुपारीएवढी. बोटाखाली सरकली.

"कधीपासून?"

"दिवाळीपासनं. कुनाला बोलू नका ताई, तुमाला शप्पत हाय. माझी आई ह्येनंच गेली. मी समदं बगितलंया. वास बगितलाय."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"ह्ये मे म्हैन्यात येत्यात सुट्टीवर. तवा बगू."

मी चिडले! ओरडलेच तिच्यावर. "मेपर्यंत? तुला कळतंय का काय बोलतेस?" ती सिलिकॉन माझ्या हातात देऊन पळत निघून गेली. तिचा कॉस्च्युम तसाच बेसिनवर, पाणी गळत.

२२ मार्च

आली नाही.

२४ मार्च

आली नाही. मंगल म्हणते, फोन उचलत नाही. "काय झालं बाई तुमच्यात?" काही नाही म्हटलं.

तिचा कॉस्च्युम मी घरी आणून धुतलाय. माझ्या कॉस्च्युमशेजारी वाळतोय.

२८ मार्च

शेवटी गेले तिच्या घरी. कॉस्च्युम द्यायचं निमित्त.

सासू, राहीबाई, दारातच बसून तांदूळ निवडत होत्या. संयोगिता आतून आली, मला बघून तिचा चेहराच उतरला. डोळ्यांनी विनवत होती — बोलू नका. मी पिशवी दिली. पाणी प्याले. उठले. चप्पल पायात घातली.

आणि बोलले. सगळं. दारात उभी राहून. तिनं घातलेली शप्पथ मोडली.

राहीबाईंनी सूप खाली ठेवलं. उठून उभ्या राहिल्या. मला वाटलं आता माझ्यावर येणार.

"तिची आई माझी मैतरीन हुती," त्या मला म्हणाल्या. "शेवटाला मीच हुते उशाशी." मग तिच्याकडं वळून — "मला का न्हाई बोललीस गं, पोरी? मी कोन हाय तुजी?"

संयोगिता भिंतीला टेकून खाली बसली. माझ्याकडं बघितलंही नाही. राहीबाई म्हणाल्या, "उंद्याच्या उंद्या जावा. पोरास्नी मी बगते."



३० मार्च

गेली नाही! राहीबाईंचा फोन. खोलीचं दार लावून बसलीय. "तुमी संगं गेलासा तर जाईल, म्हनतीया."

३ एप्रिल

यांना सांगितलं, माझी तपासणी आहेच ह्या महिन्यात, उरकून येते. "मी येऊ?" म्हणाले. खरंच विचारत होते. पहिल्यांदाच विचारलं वर्षभरात. पण संयोगिता बरोबर असणार म्हणून नको म्हटलं. आता वाटतं, हो म्हणायला हवं होतं का?

८ एप्रिल

मिरज. बसमध्ये तिकीट काढताना तिनं हात हातात दिला तो मिरज येईपर्यंत सोडला नाही.

तिची सोनोग्राफी झाली. सुई घालून तुकडा काढला. मी बाहेर. आतून एकदाच आवाज आला, "आये!"

माझीही तपासणी झाली. स्कॅनही करून टाकला, डॉक्टर म्हणाले वेगळं यायला नको. दोघींचे रिपोर्ट एकदमच मिळतील.

येताना म्हणाली, "ताई, मला बी असलं सिलिकॉन लागलं तर... तुमी शिकिवशिला नव्हं, धुवायचं कसं?"

म्हटलं, शिकवीन. दुसरं काय म्हणणार?

१० एप्रिल

महावीर जयंती. बस्तीत गेले. मिरवणुकीत यांच्याबरोबर चालले. सगळा वेळ तिच्यासाठीच मागत होते. तिची मुलं किती लहान आहेत. तिलाच का, आधी आई, आता ही.

१२ एप्रिल

बॅचला आली! काठावर बसून राहिली पाय पाण्यात सोडून. सुईची जखम ओली करायची नाही ना. मी पोहत होते, ती मी दिलेला गॉगल हातात घेऊन बसली होती. मंगलनं टॉवेल आणून तिच्या खांद्यावर टाकला आणि गेली.

१४ एप्रिल

झोप नाही. तिलाही नाही, फोनवर म्हणाली. फौजेतल्या नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही. "तिकडं डोंगरावर एकटा हाय त्यो. ऐकून काय करील?"

१६ एप्रिल

संयोगिताची गाठ साधी निघाली. साधी! काढायचीसुद्धा गरज नाही, सहा महिन्यांनी दाखवायचं फक्त. कॉरिडॉरमध्येच माझ्या गळ्यात पडली, चारचौघांत मोठ्यानं रडली. राहीबाईंना फोन लावून दिला.

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. "जावा तुमी, मी हाय हितंच," म्हणाली.

डॉक्टरांनी खुर्ची माझ्याजवळ ओढून घेतली. यकृतावर आलंय. पाठीच्या मणक्यातही. पुढच्या वेळी मिस्टरांना घेऊन या, म्हणाले.

बाहेर आले. ती दोन चहा घेऊन उभी, डोळे अजून ओले, तोंडभर हसू.

"तुमचं बी बरं हाय नव्हं, ताई?"

"व्हय," म्हटलं. तिच्या बोलीत. माझ्या बोलीत जमलं नसतं.