पेंढ्याच्या ढिगाला खिडकी

३ मार्च

चि. चिमणीस,

अनेक आशीर्वाद. तू गुरांची डॉक्टर झाल्यापासून तुझा शब्द आम्ही खाली पडू देत नाही. शंभर किलो पेंढ्यावर चार किलो युरियाचं पाणी शिंपडलं, मी आणि तुझी वहिनी त्यावर तासभर नाचलो आणि ढीग प्लास्टिकखाली गच्च बांधला. गोठ्यातल्या आपल्या बाईसाहेब कोरडा पेंढा हुंगून तोंड फिरवतात. दूध एक लिटरवर आलंय. हिरवा चारा संपला, दलाल दोनदा येऊन गेला. हाही पेंढा नाही खाल्ला तर गाय द्यावी लागेल.

रोज सकाळी प्लास्टिक उचलून बघतो. वास असा की डोळ्यांतून धारा लागतात. काल पोस्टमनलाही दाखवलं.

रागावलीस तरी आठवण ठेव.
तुझा दादा

८ मार्च

ती. दादास,

सा. न. वि. वि. तुझ्यापुढे हात टेकले. त्या वासानेच पेंढा मऊ आणि पौष्टिक होतो, आणि तू तो पोस्टमनला वाटतोयस. लहानपणी पेरलेल्या बिया रोज उकरून बघायचास, अजून तसाच आहेस. आता पुन्हा बांध आणि आजपासून एकवीस दिवस हात लावू नकोस. उघडल्यावर वास उडू दे, मगच थोडा थोडा घाल.

माया असू दे, पण ढिगापासून लांब राहून.
चिमणी

१५ मार्च

चि. चिमणीस,

आशीर्वाद. प्लास्टिक उचलणं बंद. त्याऐवजी ताटलीएवढं भोक पाडून काच बसवली. आतून वाफ धरते, म्हणून रोज काढून पुसावी लागते, एवढंच.

तुझ्या शाबासकीची वाट बघणारा,
दादा

७ एप्रिल

प्रिय वन्सं,

स. न. वि. वि. हे पत्र वाचून फाडून टाका. तुमच्या दादांना मी ओळखून आहे, म्हणून पहिल्याच दिवशी घरामागे दुसरा ढीग लावला होता. त्याला कुणी बोट लावलं नाही. तीस तारखेला ह्यांनी थाटात आपला ढीग उघडला. टोपली मात्र मी माझ्या ढिगातून भरून आणली. बाईसाहेबांनी हुंगलं, शिंकल्या आणि खायला लागल्या. आता दूध पावणेदोन लिटर आहे. ह्यांच्या ढिगातला पेंढा मी गोठ्यात अंथरते.

दलालाला ह्यांनी फाटकातूनच परत पाठवलं. मग गाईच्या मानेवर डोकं टेकून, तिला कोण विकतंय, असं तिच्या कानात म्हणत राहिले. ते पाहून मला खरं सांगवेना.

सगळं श्रेय खिडकीला गेलंय. डेअरीत ह्यांचं भाषण झालं आणि अर्ध्या गावाने काचा मागवल्या. तुम्ही मुळीच काळजी करू नका. पुरुषांना काचा बसवू दे. मी घरोघरच्या बायकांना घरामागची जागा दाखवून आलेय.

लोभ असाच झाकून मुरू द्या.
तुमची वहिनी