आठव्या ठोक्याचा गुडघा

३ तारीख, सोमवार

चि. विसरभोळ्या नातवास आजीचे आशीर्वाद, वि. वि.

आपण एकमेकांचे कोण लागतो हे विसरला असशील म्हणून सांगते, मी तुझ्या बापाची आई. अक्षर तुझ्या आईचं आहे, शब्द माझे. ती मध्येच शब्द गोड करते, म्हणून प्रत्येक ओळ वाचून दाखवायला लावते आहे.

तुमच्या बँडचं नवं गाणं तिच्या फोनवर ऐकलं. गिटारी कुठे गेल्या, विचारलं, तर म्हणाली, हे सिंथ-पॉप, सगळं बटणांवर वाजतं. बरं. पण खाली जी खटखट चालते ती माझ्या शिलाई मशीनची, हे मला कोणी सांगायला नको. चाळीस वर्षं लोकांच्या पँटी आखूड केल्या आहेत त्याच्यावर. गेल्या खेपेला आजीचा आवाज जपून ठेवतो म्हणून फोन टेबलाखाली धरलास. मी अर्धा तास तुला समजावत होते. ते सगळं काढलंस आणि मशीन ठेवलंस.

शिवाय ते माझ्यासारखं चालत नाही. पायटा मारताना माझे सात ठोके सरळ पडतात, आठव्याला गुडघा अडतो. तुझ्या गाण्यात गुडघाच नाही. आणि तो ड्रम बडवणारा धडधड्याही ऐकू येत नाही. त्याला कुठे ठेवलात?

सवडीने का होईना, माया असू दे.
आजी

११ तारीख, मंगळवार

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

आवाज चोरल्याबद्दल कान पकडतो. गुडघा मीच काढला. कॉम्प्युटरवर आठवा ठोका मागे पडलेला दिसायचा, तो ओढून सरळ केला. लोक गाणं ऐकताहेत. आमचे जुने श्रोते मात्र म्हणतात, या पोरांना कोणीतरी इस्त्री केली.

धडधड्या गेला, आजी. मशीनच वाजणार असेल तर मी काय स्टेजवर वायरी धरून उभा राहू, असं म्हणाला आणि बेकरीत पूर्ण वेळ लागला. शाळेपासून आम्ही बरोबर वाजवतोय. बावीस तारखेला मोठा कार्यक्रम आहे आणि त्याच्याशिवाय माझे पाय स्टेजवर जायचे नाहीत. पण तो फोन उचलत नाही. त्याच्या हातचा पाव सोबत पाठवतोय. त्याचं एवढंच हाती लागलं.

रागाव, पण लोभ कमी करू नकोस.
नातू

१५ तारीख, शनिवार

चि. नातवास आशीर्वाद, वि. वि.

पाव पोचला. कापसासारखा मऊ. पोरगा मन लावून पीठ मळतो आहे, म्हणजे तुझं काही खरं नाही.

त्याची जागा तूच ओढून सरळ केलीस आणि आता तो दिसत नाही म्हणून रडतोस. आठव्याला मी अडते तेव्हा सुई थांबते, कापड थांबतं, गिऱ्हाईक मान वर करून बघतं. तिथे माणूस लागतो. तुझ्या कॉम्प्युटरला गुडघे नाहीत. ती अडखळ परत घाल आणि त्याला दे.

फोन करू नकोस. बेकरीच्या रांगेत उभा राहा, गिऱ्हाइकाला हाकलता येत नाही. आधी चूक कबूल कर, मग गाणं ऐकव. तुमच्या घराण्यात हे उलट करतात. (ही ओळ तुझ्या आईने फार आनंदाने लिहिली.)

बावीसला काय झालं ते लिहायचा कंटाळा आला, तर नुसता त्याचा पाव पाठव. मला कळेल.

आजी

२४ तारीख, सोमवार

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

त्याने मला दोनदा रांगेच्या शेवटी पाठवलं. तिसऱ्यांदा माझी कबुली ऐकली आणि पिठाच्या हातांनी हेडफोन घातले. आठव्या ठोक्याला त्याची बोटं आपोआप ट्रेवर आपटली. परवा स्टेजवर तिथे त्याने असा ठोका दिला की नाचणारे पहिल्यांदा अडखळले, मग त्या ठोक्याचीच वाट बघू लागले.

आज्ञेप्रमाणे पाव पाठवतोय. तुझ्या गुडघ्याला नमस्कार.
नातू

२८ तारीख, शुक्रवार

चि. नातवास आशीर्वाद, वि. वि.

पाव टेबलावर ठेवला तर मशीन दचकलं. वरून जळका, आत कच्चा. सुरी वाकली. तुझी आई तुझं पत्र उघडायच्या आधीच मी म्हटलं, पोराचं चित्त परत ठिकाणावर आलं. त्याला माझा आशीर्वाद सांग. पावाबद्दल अवाक्षर काढू नकोस.

दोघांनी असंच एकमेकांना सांभाळा.
आजी

ता. क. पुढच्या खेपेला पाव दुसऱ्या बेकरीतला पाठव.